सिम कोणत्या कंपनीचं घ्यायचं? आधी रेंज मोजा, मग रिचार्ज बघा

‘कुठल्या कंपनीचं नेटवर्क चांगलं?’ याचं उत्तर गावागणिकच काय, मजल्यागणिकसुद्धा बदलतं. पुण्यात चौथ्या मजल्यावर झकास चालणारं सिम गावाकडच्या घरी अंगणात येऊन बोलायला लावतं. त्यामुळे कॅशबॅक, जाहिराती आणि मेव्हण्याचा सल्ला तूर्तास बाजूला ठेवा आणि रेंज मोजा.

फोनच्या कोपऱ्यातल्या काड्यांवर विसंबू नका. किती सिग्नलला किती काड्या दाखवायच्या, हे प्रत्येक फोन कंपनी आपापलं ठरवते. खरा आकडा अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंग्ज, अबाउट फोन, सिम स्टेटस असं गेल्यावर सिग्नल स्ट्रेंथपुढे दिसतो. तिथे नसेल तर डायल पॅडवर *#*#४६३६#*#* टाकून बघा. बऱ्याच फोनवर चालतं. आयफोनवर *३००१#१२३४५#* टाकून कॉलचं बटण दाबायचं. आकडा डीबीएममध्ये (सिग्नल मोजायचं एकक) आणि उणे असतो. ४जीसाठी ढोबळ हिशोब असा: उणे ८५ म्हणजे उत्तम, उणे १०० पर्यंत काम भागतं, उणे ११० च्या पुढे आवाज तुटायला लागतो आणि उणे १२० ला सिम असून नसल्यासारखं.

मोजायचं कुठे, तर जिथे तुम्ही खरोखर बोलता तिथे. स्वयंपाकघरात ओट्याशी उभे राहा, फोन हातात धरून अर्धा मिनिट थांबा (आकडा हळू बदलतो, लगेच वाचू नका), मग दार लावून परत बघा. दार लावताच आकडा दहाने घसरला, तर पावसाळ्यात खिडक्या बंद असतील तेव्हा काय होईल याचा अंदाज येतो. तसंच पलंगाच्या उशाशी, ऑफिसच्या खुर्चीत आणि रोजच्या बस-लोकलच्या वाटेवर. दुसऱ्या कंपनीचा आकडा शेजाऱ्याच्या फोनवर बघता येतो. त्याहून बरं म्हणजे एक स्वस्त प्रीपेड सिम दुसऱ्या स्लॉटमध्ये घालून महिनाभर वापरणं. कंपन्यांनी आपल्या वेबसाइटवर कव्हरेजचे नकाशे द्यायचे, असा ट्रायचा, म्हणजे दूरसंचार नियामकाचा, २०२४ चा नियम आहे. ते जरूर बघा, पण नकाशाला तुमच्या भिंती दिसत नाहीत.

सकाळी नऊ आणि रात्री नऊ, दोन्ही वेळा स्पीड टेस्ट करा. आकडा उणे ८५ असूनही रात्री व्हिडिओ अडकत असेल, तर टॉवर जवळ आहे पण त्यावर गर्दी आहे. तिथे फोन बदलून उपयोग नाही, कंपनीच बदलावी लागेल. उलट आकडाच वाईट असेल तर टॉवर लांब आहे किंवा मध्ये डोंगर, जांभ्याची जाड भिंत, पत्र्याचं छत आहे. अशा ठिकाणी ७०० ते ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी आत शिरतात, २३०० च्या अडतात. एका खोऱ्यात एक कंपनी चालते आणि दुसरी नाही, त्याचं हे एक मोठं कारण. घरी वायफाय असेल तर मात्र एवढी चिंता नको: फोनमध्ये वायफाय कॉलिंग सुरू केलं की कॉल ब्रॉडबँडवरून जातात.

हातातला फोन कुठला, हेही बघायला हवं. जिओचं २जी-३जी नेटवर्कच नाही, म्हणून आजीच्या जुन्या बटणाच्या २जी फोनमध्ये ते सिम चालत नाही. तिथे एअरटेल किंवा व्हीआय लागतं. ‘अमर्याद ५जी’चा फायदा फोन ५जी असेल, परिसरात ५जी असेल आणि प्लॅन त्या पात्रतेचा असेल तरच. यातलं एक जरी नसलं तरी रोजचा १.५ किंवा २ जीबीचा कोटाच तुमचा. तो संपला की वेग बहुतेक प्लॅनमध्ये ६४ केबीपीएसवर येतो: व्हॉट्सॲपचा मजकूर रखडत जातो, दुकानात क्यूआर कोड स्कॅन केल्यावर चक्र फिरत राहतं.

आता पैसे. प्लॅनची किंमत वाचू नका, रोजचा दर काढा. समजा २ जीबीचा २८ दिवसांचा प्लॅन ३४९ ला आहे आणि तसाच ८४ दिवसांचा ८५९ ला. पहिला दिवसाला १२ रुपये ४६ पैसे, दुसरा १० रुपये २३ पैसे. वर्षाला फरक आठशे रुपयांच्या वर. २८ दिवसांच्या ‘महिन्यां’मुळे वर्षात तेरा रिचार्ज होतात, हे तर आता पाठच झालंय. पोस्टपेडमध्ये जाहिरातीतल्या आकड्यावर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे ३९९ चं बिल ४७० रुपये ८२ पैसे येतं. प्रीपेडच्या किमतीत कर धरलेला असतो.

तरीही पहिलं रिचार्ज वर्षाचं करू नका. नंबर पोर्ट केला, म्हणजे तोच नंबर ठेवून कंपनी बदलली, की उरलेली वैधता आणि बॅलन्स बुडतो. एक महिना वापरून, रेंज पटली की मग मोठा प्लॅन. डेटा लागतच नसेल, तर ट्रायच्या डिसेंबर २०२४ च्या आदेशानंतर आलेले फक्त कॉल-एसएमएसचे प्लॅन मागा. ते ॲपमध्ये पहिल्या पानावर सहसा नसतात, शोधावे लागतात. आणि डेटाचं टॉप-अप म्हणजे मूळ प्लॅन नव्हे: मूळ प्लॅन संपलेला असताना नुसता डेटा पॅक मारला तर कॉल सुरू होत नाहीत. दुकानात सगळ्यात जास्त वाद याच गोष्टीवरून होतात.

कंपनी बदलायची ठरली की इंग्रजी अक्षरांत पोर्ट, मग एक जागा सोडून आपला दहा आकडी नंबर, असा एसएमएस १९०० वर. उत्तरात आठ अक्षर-अंकांचा कोड येतो, तो चार दिवस चालतो. तो आणि आधार घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात जा. ‘एसएमएसवाला महागडा रिचार्ज केल्याशिवाय कोड येत नाही’ असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. कोणताही प्लॅन असला तरी ही सोय द्यायचीच, असं ट्रायने २०२१ मध्ये बजावलंय. त्याच सर्कलमध्ये (म्हणजे दूरसंचार विभागात) तीन कामकाजाचे दिवस लागतात, दुसऱ्या सर्कलमध्ये पाच. पुण्याचा नंबर महाराष्ट्र-गोवा सर्कलचा आणि ठाणे मुंबई सर्कलमध्ये. तिथे बदली झाली असेल तर पाच धरा.

कोड नाकारला जातो तो बहुधा या कारणांनी: सध्याच्या कंपनीत ९० दिवस झालेले नाहीत, पोस्टपेडचं बिल थकलंय, सिम हरवून नवीन घेतल्याला सात दिवस व्हायचेत, किंवा नंबरची मालकी बदलण्याचा अर्ज अडकलाय. नंबर वडिलांच्या नावावर असेल तर दुकानात त्यांनाच न्यावं लागतं. मन बदललं तर अर्जानंतर चोवीस तासांत रद्द करता येतं, तेही १९०० वरच.

जुनं सिम बंद पडलं की नवं घाला. मध्ये काही तास नंबर बंद राहतो. यूपीआयची ॲप सिमशी बांधलेली असतात, म्हणून नव्या सिमवर नोंदणीचा एसएमएस परत पाठवावा लागतो. लग्नाच्या किंवा प्रवासाच्या दिवशी हे पडेल अशी तारीख धरू नका आणि खिशात थोडी रोकड असू द्या.

मुलगी परदेशात आहे आणि तिच्या इथल्या नंबरवर फक्त बँकेचे ओटीपी येतात, अशा नंबरचं वेगळं. ९० दिवस काहीच वापर नसेल तर कंपनी नंबर काढून घेऊ शकते. प्रीपेड बॅलन्स २० रुपये असेल तर तेवढे कापून ३० दिवसांची मुदत मिळते. पण याने नंबर तेवढा राखला जातो, ओटीपी येत राहतील याची हमी नाही. त्यासाठी वैधता असलेला प्लॅनच लागतो, वर्षाचा घेतला तर आठवण ठेवायला नको.