किनारपट्टीवरील घर आणि आगराचे कुंपण: पावसाळ्यापूर्वीचा सल्ला

कोकण किनाऱ्यावर जूनपासून सप्टेंबरपर्यंत वारा मुख्यतः पश्चिमेकडून आणि नैर्ऋत्येकडून वाहतो, आणि पुळणीलगतच्या (समुद्राकाठच्या रेतीलगतच्या) घरांना व आगरांना, म्हणजे नारळी-पोफळीच्या बागांना, त्याचा मारा थेट बसतो. ज्यांना यंदा कुंपण नवे घालावयाचे किंवा जुने दुरुस्त करावयाचे आहे, त्यांनी खांब रोवण्याचे व काँक्रीटचे काम मेच्या पहिल्या पंधरवड्यातच संपवावे. मृग नक्षत्राची वाट पाहण्यात धोका आहे, कारण तौक्ते वादळ २०२१ च्या मे महिन्यातच किनाऱ्याजवळून गेले आणि निसर्ग वादळ ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर आदळून नारळी-पोफळीच्या बागा आडव्या करून गेले.

कुंपण म्हटले की बरेच जण पश्चिमेला चिऱ्याची (जांभ्या दगडाची) उंच, सलग भिंत उभी करतात. वाऱ्याच्या दृष्टीने हा सर्वांत महागडा आणि सर्वांत कमी उपयोगाचा पर्याय आहे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो. ताशी १२० किलोमीटरच्या वाऱ्यात दहा फूट लांब आणि सहा फूट उंच अशा भरीव भागावर साडेतीनशे किलोहून अधिक भार येतो, आणि हा सगळा भार खांबाला बुंध्यातून उपटू पाहतो. शिवाय भरीव भिंतीवरून उसळलेला वारा पलीकडे भोवरे करीत खाली उतरतो, त्यामुळे भिंतीच्या आडोशाला लावलेल्या केळी आणि भाजीपाल्याचे नुकसान उघड्यावरच्या पिकापेक्षाही जास्त होऊ शकते. याउलट ज्या कुंपणात जवळपास निम्मी जागा मोकळी असते, ते वाऱ्याला अडवत नाही तर गाळते, आणि त्याच्या उंचीच्या आठ ते दहा पट अंतरापर्यंत वाऱ्याचा जोर कमी झालेला जाणवतो. म्हणून चिऱ्याचा गडगा, म्हणजे बुटकी दगडी भिंत, अडीच-तीन फुटांपर्यंतच ठेवावा आणि त्यावरील भाग बांबूच्या पट्ट्यांचा, जाळीचा किंवा झाडांचा असावा. गडग्याच्या तळाशी उताराच्या बाजूने पाणी जाण्यासाठी मोऱ्या अवश्य ठेवाव्यात. मागे तुंबलेल्या पाण्याने आणि फुगलेल्या मातीने कोसळलेले गडगे दर पावसाळ्यात दिसतात, आणि त्याचा दोष उगाच वाऱ्याला दिला जातो.

काम सुरू करण्यापूर्वी हद्दीचे दगड जागेवर आहेत की नाहीत हे शेजाऱ्यासमक्ष पाहावे, शंका असल्यास भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्यावी. सामाईक सातबाऱ्यावरील जमिनीत हे विशेष आवश्यक आहे. समुद्रालगतच्या जमिनीला सागरी किनारा नियमन क्षेत्राचे नियम लागू होत असल्याने पक्क्या बांधकामाविषयी ग्रामपंचायतीत आधी चौकशी करावी.

कुंपणाचे बळ जमिनीखाली असते. सात फुटांचा खांब तांबड्या मातीत किमान सव्वादोन फूट आणि पुळणीच्या रेतीत तीन फूट तरी गाडला पाहिजे. रेतीत नुसते खोल जाऊनही खांब कलतो, म्हणून खांबाच्या पायथ्याशी आडवी फळी किंवा चिऱ्याचे तुकडे घट्ट बसवून मगच काँक्रीट भरावे. कातळावर एवढा खोल खड्डा काढणे बहुधा परवडत नाही. तेथे रुंद पायाचा गडगा रचून खांब त्याच्या आत बांधून घेणे शहाणपणाचे ठरते. इतरत्र दहा फुटांवर खांब चालत असले, तरी किनाऱ्यावर हे अंतर सात-आठ फुटांपेक्षा जास्त नसावे. कोपऱ्यांच्या आणि फाटकाच्या खांबांना तिरका टेकू द्यावा. काँक्रीटवर सात ते दहा दिवस पाणी मारावे आणि त्यानंतरच तार ताणावी.

काँक्रीटसाठी पुळणीची वाळू कधीही वापरू नये, कारण तिच्यातील क्षारांमुळे आतील सळ्या गंजून फुगतात आणि खांब उभा चिरतो. तयार सिमेंटचे खांब घेताना सळ्या पृष्ठभागाच्या अगदी जवळ आलेल्या नाहीत ना, हे पाहून घ्यावे. जाळी आणि तार जस्ताचा जाड थर असलेलीच घ्यावी; खाऱ्या हवेत पातळ थराची स्वस्त जाळी लवकर गंजते आणि वाचवलेले पैसे दुप्पट होऊन खर्ची पडतात. लाकडी मेढी किंवा माणग्याचे बांबू वापरणार असाल, तर जमिनीत जाणाऱ्या भागाला आणि जमिनीच्या वर वीतभर डिंबेल, म्हणजे काजूच्या टरफलांचे तेल, लावून चांगले वाळू द्यावे. हे तेल कातडी भाजते, म्हणून हातमोजे घालूनच ते हाताळावे.

ज्यांच्याकडे जागा आहे, त्यांनी मृत कुंपणापेक्षा जिवंत कुंपणाचा विचार आधी करावा, कारण किनाऱ्यावर ते दरवर्षी मजबूत होत जाते, तर तारेचे कुंपण दरवर्षी कमकुवत. समुद्राकडील बाजूस पहिला पाऊस स्थिरावल्यावर सुरूची रोपे दोन ओळींत, एकमेकांना आड येतील अशी, पाच-सहा फुटांवर लावावीत. सुरू रेतीत आणि खाऱ्या तुषारांत तग धरतो, पण वय वाढले की त्याचा खालचा भाग उघडा पडतो आणि वारा नेमका तेथूनच शिरतो. ती पोकळी भरण्यासाठी आतील बाजूस निरगुडी, करवंद किंवा सागरगोटा लावावा. कायमच्या आडोशासाठी उंडी आणि भेंड ही आपल्या किनाऱ्याची झाडे हळू वाढत असली तरी अधिक भरवशाची आहेत. उंच होणारी झाडे घरापासून आणि विजेच्या तारांपासून इतकी दूर असावीत की मोडून पडली तरी तेथवर पोहोचणार नाहीत. उरलेल्या बाजूंना गिरिपुष्पाची चार-पाच फुटांची काठी फूट-दीड फुटावर रोवली तरी पुरते, आणि तिचा पाला नारळाच्या आळ्यात हिरवळीचे खत म्हणून टाकता येतो. मोगली एरंडाला गुरे तोंड लावत नाहीत हे खरे, परंतु त्याच्या बिया विषारी असल्याने लहान मुले असलेल्या घराभोवती तो टाळावा. शेराचा चीक डोळ्यांत गेल्यास इजा करतो, त्यामुळे तोही अंगणालगत नको.

पावसाळ्याच्या तोंडावर कुंपणाला हिरवे जाळीदार कापड बांधण्याची रीत अलीकडे वाढली आहे. दाट विणीचे कापड शिडासारखे फुगते आणि चांगले रोवलेले खांबही कलवते, म्हणून ५० टक्क्यांपेक्षा दाट कापड घेऊ नये आणि वादळाचा इशारा मिळताच ते उतरवावे. फाटक शक्यतो पूर्वेला किंवा घराच्या आडोशाला ठेवावे, कारण पश्चिमेकडील उघड्या जागेतून वारा जास्त वेगाने घुसतो. गुरे आणि काही प्रमाणात रानडुकरे या कुंपणाने अडतील. माकडे अडणार नाहीत, आणि ती अडतील असे सांगून जाळीची उंची वाढवायला लावणाऱ्या विक्रेत्याचे ऐकू नये.

जून-जुलैच्या पहिल्या मोठ्या वाऱ्यानंतर प्रत्येक खांब हाताने हलवून पाहावा, सैल झालेल्याच्या बुंध्याशी दगड ठोकावेत. तार पुन्हा ताणणे, गंजलेले बांध बदलणे आणि डिंबेलचा दुसरा हात ही कामे पाऊस उघडल्यावर, दिवाळीच्या सुमारास करावीत.