एम ३३ दीर्घिकेत तरुण तारे धुळीवर काय परिणाम करतात, हे घरबसल्या कसे तपासावे

ऑक्टोबरमधील मध्यरात्री एम ३३ ही दीर्घिका ठाण्यात जवळजवळ डोक्यावर येते. परंतु शहराच्या उजेडात ती छोट्या दुर्बिणीतूनही कशीबशीच दिसते, आणि तिच्यातील धुळीचा अवरक्त प्रकाश तर बहुतांशी वातावरणच अडवते. म्हणून अवकाश दुर्बिणींच्या विनामूल्य प्रतिमा वापराव्यात.

ब्राउझरमध्ये ‘अलादीन लाइट’ हा आकाशाचा नकाशा उघडून दीर्घिकेचे नाव रोमन अक्षरांत (M33) शोधावे आणि ‘वाइज’ दुर्बिणीने २०१० साली टिपलेल्या १२ व २२ मायक्रोमीटर (मिलिमीटरचा हजारावा भाग) तरंगलांबीच्या अवरक्त प्रतिमा आलटून पालटून पाहाव्यात. केंद्रापासून वर डावीकडे ठळक दिसणारा ठिपका म्हणजे एनजीसी ६०४ हा तेजोमेघ. त्यात दोनशेहून अधिक तप्त, वजनदार तारे आहेत.

येथे घाई करू नये. जेथे झळाळी अधिक तेथे धूळ अधिक, असे नवख्याला वाटते, आणि नेमकी हीच समजूत आधी सोडावी लागते. वजनदार तरुण ताऱ्यांचा अतिनील प्रकाश शोषून धुळीचे कण तापतात, म्हणून थोडीशी धूळही २२ मायक्रोमीटरला प्रखर दिसते. उलट ताऱ्यांपासून दूरची, सुमारे उणे २५० अंश सेल्सिअसची थंड धूळ तेथे जवळजवळ दिसतच नाही. तिच्यासाठी ‘हर्शेल’ दुर्बिणीची २५० मायक्रोमीटरची प्रतिमा पाहावी. १२ मायक्रोमीटरच्या प्रकाशात मोठा वाटा पॉलिसायक्लिक ॲरोमॅटिक हायड्रोकार्बन, म्हणजे कार्बनच्या जोडलेल्या कड्यांच्या रेणूंचा असतो. तप्त ताऱ्यांभोवतीच्या आयनित (इलेक्ट्रॉन निसटलेल्या) वायूत हे नाजूक रेणू नष्ट होतात आणि मेघाच्या कडांवर टिकून राहतात. त्यामुळे २२ मायक्रोमीटरच्या प्रतिमेतील तेजाला १२ च्या प्रतिमेतील तेजाने भागल्यावर येणारे गुणोत्तर मेघाच्या गाभ्यात वाढते.

भागाकार पायथन या संगणकभाषेतील ‘ॲस्ट्रोपाय’ या खगोलशास्त्रीय साधनसंचाने करता येतो, मात्र त्याआधी दोन गोष्टी कराव्याच लागतात. रिकाम्या आकाशाची पार्श्वभूमी दोन्ही प्रतिमांतून वजा करावी, कारण आपल्याच सूर्यमालेतील धूळ याच तरंगलांबींना चमकते. शिवाय १२ मायक्रोमीटरची प्रतिमा सुमारे ६.५ विकलांइतकी (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग), तर २२ ची १२ विकलांइतकी स्पष्ट असते. पहिली मुद्दाम तेवढीच धूसर केली नाही, तर ताऱ्यांशी संबंध नसलेली खोटी कडी उमटतात. सत्तावीस लाख प्रकाशवर्षांवर १२ विकला म्हणजे सुमारे १५० प्रकाशवर्षे. त्याहून बारीक रचनेबद्दल या प्रतिमांवरून निष्कर्ष काढू नयेत.

शेवटी ‘गॅलेक्स’ या अवकाश दुर्बिणीची अतिनील प्रतिमा शेजारी ठेवावी. २२ मायक्रोमीटरला प्रखर, पण अतिनीलमध्ये मंद असलेली जागा सापडली, तर तिची नोंद वेगळी ठेवावी. तेथील तरुण तारे अजून स्वतःच्या जन्मधुळीत दडलेले असण्याचा संभव आहे.