घरच्या गॅरेजमध्ये टू-पोस्ट लिफ्ट बसवायचीय? मग आधी खालची जमीन बघा

बंगल्याचं पार्किंग मोठं आहे, गाडीची कामं स्वतः करायची आवड आहे आणि जॅक लावून पाठीवर सरकत गाडीखाली जायचा आता कंटाळा आलाय, अशा लोकांसाठी हे लिहितोय. लिफ्ट घेताना बहुतेक जण टनेज आणि किंमत बघतात, ४ टनाची आहे ना मग झालं, आपली स्विफ्ट तर टनाच्या आतली गाडी. पण टू-पोस्ट म्हणजे दोन उभे खांब (कॉलम) आणि त्यांना लागलेले गाडी उचलणारे आडवे हात (आर्म), तिचा सगळा जीव खालच्या काँक्रीटमध्ये आणि सेफ्टी लॉकमध्ये, म्हणजे वर गेलेली गाडी खाली येऊ न देणाऱ्या खटक्यांमध्ये असतो, त्यामुळे ऑर्डर द्यायच्या आधी जमीन तपासायची, ती नापास झाली तर आधी जमीन नीट करायची आणि मगच लिफ्टचे पैसे भरायचे, हा क्रम काही झालं तरी उलटा करू नका.

आता ताण कसा येतो ते बघा. गाडी दोन कॉलमच्या मधे आर्मवर लटकते म्हणजे प्रत्येक कॉलमला ती आतल्या बाजूला ओढत असते. दीड टनाची गाडी धरली तर एका कॉलमवर ७५० किलो, आणि हे वजन कॉलमपासून साधारण ७० सेंटीमीटर आत असतं. ढोबळ हिशेब केला तर बेस प्लेटच्या (कॉलमच्या तळाची, जमिनीला बोल्टने बसवायची लोखंडी प्लेट) बाहेरच्या बाजूच्या बोल्टांना मिळून दीड टनाच्या आसपास ओढ वरच्या दिशेने बसते, म्हणजे ते बोल्ट जमिनीतून उपसून काढायचाच प्रयत्न चालू असतो. म्हणून कोबा वरून कितीही गुळगुळीत आणि टणक दिसला तरी त्यावर भरवसा ठेवायचा नाही. मिस्त्री म्हणेल काही होत नाही साहेब, ट्रक उभा राहतो यावर. ट्रक जमिनीला खाली दाबतो, इथे बोल्ट वर उपसले जातात, दोन्हीचा काही संबंध नाही.

आपल्याकडच्या पार्किंगखाली काय काय असतं याची यादी काढली तर पहिला नंबर पाण्याच्या टाकीचा. अंडरग्राउंड टाकी बऱ्याच बंगल्यांत पार्किंगखालीच असते, कुठे सेप्टिक टँक असतो, ड्रेनेजचे चेंबर असतात, बोअरची पाइपलाइन गेलेली असते. टाकीच्या स्लॅबवर लिफ्ट बसवायची नाही म्हणजे नाही, त्यात चर्चाच नको. अपार्टमेंटमध्ये पोडियमवरचं पार्किंग असेल, म्हणजे खाली अजून एक मजला असेल, तर तिथेही नाही. पेव्हर ब्लॉक, पार्किंग टाइल्स, शहाबादी फरशी यांच्यावर अँकर (काँक्रीटमध्ये रुतवायचे बोल्ट) मारायचे नाहीत, ते सगळं उचकटून खालच्या काँक्रीटपर्यंत जायचं आणि तिथे काँक्रीट खरंच आहे का ते बघायचं, कारण खूप ठिकाणी खाली नुसता मुरूम आणि दोन-तीन इंच पीसीसी (बिनसळईचं काँक्रीट) निघतं.

जाडी मोजायची सोपी पद्धत म्हणजे जिथे कॉलम येणार त्याच्या जवळ १२ एमएमचं भोक आरपार मारायचं, टोकाला वाकवलेली तार आत सोडून खालच्या कडेला अडकवायची आणि वर खूण करून मोजायची. एका ठिकाणी नको, दोन्ही कॉलमच्या जागी मोजा, ओतकाम एकसारखं नसतं. बऱ्याच कंपन्या कमीत कमी १०० एमएम मागतात, काही १५० आणि त्याच्याही वर, तुमच्या लिफ्टच्या मॅन्युअलमध्ये जे लिहिलंय तेच धरायचं. काँक्रीटचा दर्जा एम-२५ किंवा त्याच्या वरचा असावा. जुन्या काँक्रीटचा दर्जा कळायला रिबाउंड हॅमरची टेस्ट करून मिळते, शंका असेल तर ती करून घ्या, पूर्ण खर्चात तो आकडा फार नसतो.

नापास झालं तर घाबरायचं काही नाही. दोन्ही कॉलमच्या खाली आणि मधल्या पट्ट्यात मिळून एकसंध आरसीसी ओतून घ्यायचं. खोदाई, मुरूम भरून धुम्मस, सोलिंग, पीसीसी आणि त्यावर सळईची जाळी टाकून एम-२५. जाडी आणि सळई स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लिहून घ्या, त्याला लिफ्टच्या मॅन्युअलचं फाउंडेशनचं पान दाखवा. काळी माती असेल तर हे जास्तच मनावर घ्यायला हवं कारण ती पावसाळ्यात फुगते उन्हाळ्यात आटते आणि वरचं काँक्रीट तडकवते, तिथे काळी माती काढूनच टाकावी लागते. ओतल्यावर वाफे करून पाणी उभं ठेवायचं आणि २८ दिवस थांबायचं. आठ दिवसांत कडक झालंय असं दिसतं आणि लगेच ड्रिल मारायचा मोह होतो, तो टाळा. अजून एक, पार्किंगला पाणी जायला गेटकडे ढाळ दिलेला असतो, कॉलम मात्र ओळंब्यात उभे पाहिजेत. थोडा फरक बेस प्लेटखाली लोखंडी शिम (पातळ पट्ट्या) घालून भागतो पण साधारण १२ एमएमच्या वर शिम लागायला लागल्या तर ती जागा आधी लेव्हल करून घ्या.

उंचीचा हिशेब कागदावर करा. आपल्याकडे छत साधारण १० फूट, म्हणजे ३०५ सेंटीमीटर. स्विफ्ट साधारण १५३ सेंटीमीटर उंच, म्हणजे वर १५२ उरले, त्यातून १०-१५ सेंटीमीटर मोकळे सोडले तर गाडी १४० पर्यंत उचलता येईल. म्हणजे लिफ्टची क्षमता १८० सेंटीमीटर असली तरी तुम्हाला ती मिळणार नाही आणि मध्यम उंचीच्या माणसालासुद्धा खाली वाकूनच उभं राहावं लागेल. चाकाच्या स्टुलावर बसून काम मस्त होतं, ते चालणार असेल तर हरकत नाही. इनोव्हा किंवा स्कॉर्पिओ असेल तर अजून कमी. छताचा बीम खाली किती येतो तेही मोजा, पंखा आणि ट्यूबलाइट कुठे आहे ते बघा, आणि बोनेट किंवा डिकी उघडी असताना गाडी वर नेली तर काय होईल तेही डोळ्यासमोर आणा. टू-पोस्टमध्ये दोन प्रकार मिळतात, एकात केबल (दोन्ही बाजू बरोबरीने वर नेणारी पोलादी दोरी) आणि होज (ऑइलची नळी) जमिनीवरच्या पट्टीखालून जातात, त्याचे कॉलम साधारण २८० सेंटीमीटर असतात आणि १० फुटात बसतात. दुसऱ्यात वरून आडवा बीम असतो, जमीन मोकळी राहते पण त्याला १२ फुटांच्या आसपास उंची लागते. साध्या बंगल्यात पहिलाच प्रकार. छत अगदीच कमी असेल तर मिड-राइज सिझर लिफ्ट (कात्रीसारखी उघडत मध्यम उंचीपर्यंत उचलणारी) घ्या, ब्रेक, सस्पेन्शन, टायरची कामं त्यावर आरामात होतात. आणि एकावर एक दोन गाड्या उभ्या करायला हवी असेल तर फोर-पोस्ट, ते चाकांवर गाडी धरतं.

घेताना मशीनवर युरोपच्या ईएन १४९३ किंवा अमेरिकेच्या एएलआय प्रमाणाचा उल्लेख आहे का आणि त्याचं सर्टिफिकेट मिळतंय का हे विचारा, नुसत्या स्टिकरवर जाऊ नका. सेकंड हँड लिफ्ट स्वस्तात मिळते पण मॅन्युअल नसलेली, वेल्डिंग करून जोडलेली, आर्मचं लॉक (आर्म बाजूला फिरू न देणारं) निघालेली लिफ्ट फुकट दिली तरी घेऊ नका.

लाइटचं काम. साधारण २.२ किलोवॅटची मोटर असते, सिंगल फेजवर चालताना १४-१५ अँपिअर घेते आणि सुरू होताना त्याच्या कितीतरी पट, त्यामुळे घरातल्या १६ अँपिअरच्या प्लगमध्ये पिन लावून चालवायची वस्तू ही नाही. मेन बोर्डावरून वेगळी लाइन, निदान ४ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, मोटरला चालणारा डी टाइप एमसीबी, सोबत ३० मिलिअँपचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) आणि चांगलं अर्थिंग. महावितरणकडून मंजूर भार किती आहे ते बिलावर बघा, कमी असेल तर वाढवून घ्या. थ्री फेज असेल तर उत्तम पण तिथे फेज उलटे जोडले गेले तर मोटर उलटी फिरते आणि प्रेशरच येत नाही, असं झालं की लगेच बंद करून दोन फेज बदलून घ्या, उलटी फिरवत राहिलात तर पंप जातो. गावाकडे व्होल्टेज पडत असेल तर मोटर जास्त करंट ओढत राहते आणि तापते, तेव्हा लिफ्ट चालवू नका.

माल येतो तेव्हाच्या गडबडीत लोकांना लागतं. कॉलम दोनशे किलोच्या घरात असतात, चार पोरं बोलावून खांद्यावर उतरवायचा विचार करू नका. टेम्पोतून उतरवायला हायड्रा (चाकांवरची छोटी क्रेन) बोलवा, आत उभे करायला इंजिन क्रेन किंवा चेन ब्लॉक, आणि अँकर बसेपर्यंत कॉलमला पट्ट्याने धरून ठेवलेलं असायला हवं.

अँकरच्या भोकांचं काम स्वतः उभं राहून करून घ्या. बेस प्लेटच्या भोकातूनच हॅमर ड्रिल सरळ खाली, तिरकं जाऊ द्यायचं नाही, बिट अँकरच्याच साइझचं आणि झिजलेलं नको. भोक काँक्रीटच्या कडेपासून किंवा जॉइंटपासून निदान १५ सेंटीमीटर आत असावं, मॅन्युअल जास्त सांगत असेल तर जास्त. मग ब्रशने भोक घासायचं, ब्लोअरने फुंकायचं, परत घासायचं परत फुंकायचं. ही पावडर आत राहिली की अँकरची पकड तिच्यावर बसते आणि वरून सगळं घट्ट वाटतं. नंतर अँकर ठोकून टॉर्क रेंचने (किती जोराने आवळलं ते दाखवणारा पाना) मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कला, म्हणजे तेवढ्याच जोराला आवळायचे. हाताच्या अंदाजाने नाही. रेंच फिरतोय फिरतोय आणि टॉर्क येतच नाही, बोल्ट हळूहळू वर येतोय, असं एकाही बोल्टला झालं तर तिथलं काँक्रीट कच्चं आहे हे समजा आणि काम थांबवा. तिथे जाड वॉशर टाकून पुढे जाणारे लोक आहेत, त्यांना तुमच्या गॅरेजमध्ये हे करू देऊ नका.

पॉवर पॅकमध्ये (मोटर, पंप आणि ऑइलची टाकी) मॅन्युअलमध्ये सांगितलेलं हायड्रॉलिक ऑइल, बहुतेक ३२ किंवा ४६ ग्रेड. रिकामी लिफ्ट चार-पाच वेळा पूर्ण वर-खाली करून हवा काढायची, दोन्ही बाजूंच्या केबलचा ताण सारखा करायचा, आणि वर जाताना लॉकचा खट खट आवाज दोन्ही कॉलममधून एकाच वेळी येतोय का ते कान देऊन ऐकायचं. एक आधी आणि एक नंतर वाजत असेल तर केबल परत सेट करायची. पहिल्यांदा हलकी गाडी चढवा, आणि त्यानंतर सगळ्या अँकरचा टॉर्क परत बघा.

आता रोजचा वापर. आर्म कुठे लावायचे हे गाडीच्या ओनर्स मॅन्युअलमध्ये असतं. स्विफ्ट, आय-२०, नेक्सॉन अशा गाड्यांना दाराखालच्या सिलवर खाचा असतात, आर्मच्या टोकाचा रबरी पॅड बरोबर तिथेच. कोकणातल्या गाडीची ही सिल गंजलेली असू शकते, आधी टोचून बघा, पापुद्रे निघत असतील तर तिथून उचलू नका. बोलेरो, स्कॉर्पिओसारख्या गाड्या चेसिसवर (खालच्या लोखंडी सांगाड्यावर) उचलायच्या, त्यासाठी पॅडखाली उंच अडॅप्टर लागतात, आणि फूटस्टेप मधे येत असेल तर ती काढा. इलेक्ट्रिक गाडीला खाली पूर्ण बॅटरी असते, पॅडचा एक कोपरासुद्धा तिच्यावर यायला नको.

वजनाचा मध्य कॉलमच्या रेषेजवळ यायला हवा. आपल्या छोट्या गाड्यांचं इंजिन, गिअरबॉक्स सगळं पुढे असतं त्यामुळे गाडीच्या लांबीचा मध्य आणि वजनाचा मध्य एक नसतो, वजन पुढे असतं. चारही पॅड टेकले की चाकं जमिनीपासून १०-१५ सेंटीमीटर सुटेपर्यंतच उचलायची आणि थांबायचं. खाली वाकून चारही पॅड बघा, आर्मची लॉक लागलीत का बघा, मग बंपरला धरून गाडी चांगली हलवा. डुलली, एखादा पॅड सरकला, मागचा भाग हलका वाटला तर खाली घेऊन परत लावा. गाडी पडायचीच असेल तर ती इथे पडू द्या. ही अर्ध्या मिनिटाची तपासणी मी दर वेळी करतो आणि माझ्या मते पूर्ण लिफ्ट वापरण्यात याच्याइतकं महत्त्वाचं दुसरं काही नाही.

हव्या त्या उंचीवर गेल्यावर लोअरिंगचा लिव्हर दाबून गाडी लॉकवर टेकवायची. हे लोक विसरतात. लॉकचा आवाज आला म्हणजे गाडी लॉकवर बसली असं होत नाही, ती अजून ऑइलच्या जोरावरच असते, होज फुटला तर खाली येणार. दोन्ही बाजूंना टेकलेली दिसल्याशिवाय खाली पाऊल टाकू नका. इंजिन किंवा गिअरबॉक्स उतरवणार असाल तर वजन गेलं की गाडीचा तोल मागे जातो, त्यामुळे आधी पुढे-मागे उंच स्टँड लावून मगच बोल्ट सैल करा. गंजलेल्या बोल्टला लांब पाइप लावून जोराने हिसके द्यायचं काम गाडी वर असताना शक्यतो करूच नका, चाकाचे नट वगैरे खालीच सैल करून घ्या.

लाइट गेली तर? गाडी लॉकवर असेल तर जिथे आहे तिथे सुरक्षित आहे, तशीच राहू द्या. लॉक सुटायला आधी गाडी थोडी वर उचलावी लागते आणि त्याला मोटर लागते, त्यामुळे लाइट नसताना हातोडी घेऊन लॉक ठोकून काढायचा प्रयत्न जिवावर बेतू शकतो. संध्याकाळी गाडी हवीच असेल तर लोडशेडिंगच्या दिवशी काम काढू नका.

वर-खाली करताना गॅरेजमध्ये लहान मुलं आणि कुत्रं नको, गाडीत कोणी बसलेलं नको, आणि तुम्ही बटनापाशीच उभे. बटन सोडलं की लिफ्ट थांबते ही सोय मुद्दाम दिलेली असते, ते दोरीने बांधून ठेवायचं नाही. सुरू करायच्या आधी गाडीच्या खाली टूल ट्रॉली, स्टूल राहिलंय का ते बघा.

महिन्यातून एकदा अँकरचा टॉर्क, केबलचे तुटलेले धागे, होजला पाझर, पॅडचं रबर, लॉकची स्प्रिंग हे सगळं बघायचं आणि तारीख टाकून भिंतीवर लिहून ठेवायचं. पावसाळ्यात बेस प्लेटपाशी पाणी साचतं आणि बोल्ट गंजतात, तिथे कडेने सीलंट भरा. केबलचा एक जरी धागा तुटून बाहेर आलेला दिसला तर दोन्ही केबल एकदमच बदला, आणि नव्या केबल टाकल्यावर पहिल्या काही वापरांत त्या थोड्या ताणल्या जातात म्हणून लॉकचा खट आवाज पुन्हा दोन्हीकडून एकत्र येतोय का ते ऐकून ताण परत सेट करा.