नाशिकहून ओव्हलवर: स्टॉक कार ड्रायव्हर व्हायचं असेल तर

"नुसतं डावीकडेच तर वळायचं, त्यात काय एवढं?" स्टॉक कार रेसिंगबद्दल हा प्रश्न हमखास येतो. याचं उत्तर कळलं की पुढची पाच-सात वर्षं कशावर खर्च करायची तेही कळतं, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

स्टॉक कार म्हणजे पूर्वी शोरूममधून उचललेली गाडी. अमेरिकेत १९४८ साली नॅसकार ही शर्यती भरवणारी संस्था निघाली, आणि १९४९ पासून खरोखरच तशा गाड्या पळायला लागल्या. आता नाव तेवढं उरलंय. आत पोलादी पाइपचा सांगाडा, वर कंपोझिट बॉडी, पुढे व्ही-८ इंजिन. ट्रॅक बहुतेक लंबगोल, म्हणजे ओव्हल. मार्टिन्सव्हिलचा ट्रॅक जेमतेम साडेआठशे मीटरचा. डेटोनाचा चार किलोमीटरचा, आणि त्याची वळणं ३१ अंशांनी तिरकी, इतकी की चढून जाताना माणसाला दम लागावा. शर्लटची सर्वांत लांब शर्यत ४०० फेऱ्यांची, म्हणजे सुमारे ९६५ किलोमीटर. एवढा वेळ एकाच बाजूला वळताना गाडीचा भार उजव्या टायरांवर येतो आणि पुढचं उजवं टायर सगळ्यात आधी मरतं. ते कोण जास्त वेळ जिवंत ठेवतो यावर शर्यत ठरते. निव्वळ वेगाने ओव्हल जिंकता येत नाही.

भारतात शर्यतींसाठी असा ओव्हल नाही. आग्रा रोडने सरळ वर गेलं की इंदूरजवळ पीथमपूरला नॅट्रॅक्सचा ११.३ किलोमीटरचा हाय-स्पीड ट्रॅक लागतो, पण तो वाहन कंपन्यांच्या चाचण्यांसाठी आहे, आपल्या सरावासाठी नाही. त्यामुळे नाशिकमध्ये राहून ओव्हलचा ड्रायव्हर व्हायचं तर पाया इथे घालायचा आणि कळस बाहेर चढवायचा. हे अशक्य नाही. नारायण कार्तिकेयनने २०१० मध्ये नॅसकारच्या ट्रक मालिकेत (पिकअप ट्रकच्या आकाराच्या गाड्यांच्या) मार्टिन्सव्हिलला पदार्पण केलं आणि पहिल्याच शर्यतीत १३वा आला. अर्थात तोवर त्याच्या पाठीशी फॉर्म्युला वनचा अनुभव होता.

पहिली दोन वर्षं

गंगापूर रोडला रात्री अकरानंतर, त्र्यंबक रोडला पहाटे किंवा समृद्धीवर "जरा दाबून" सराव करायचा विचार असेल तर तो आधी सोडा. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं मोटर वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे. शिवाय रस्त्यावर काही शिकायलाही मिळत नाही. एकच वळण त्याच वेगाने पन्नास वेळा घेता येत नसेल तर तो सराव नव्हेच.

सुरुवात ऑटोक्रॉसने करा. मोकळं मैदान, शंकू लावून आखलेला मार्ग, एका वेळी एकच गाडी आणि घड्याळ. नाशिकला मोटरस्पोर्टची सवय आहे. राष्ट्रीय रॅली अजिंक्यपदाची रॅली ऑफ महाराष्ट्र इथल्याच रस्त्यांवर झालेली आहे. मुरमाच्या मैदानावर गाडी घसरते कधी आणि सावरते कधी ते कंबरेला कळायला लागतं, आणि ते कळणं पुढे लाखमोलाचं ठरतं. सोबत कार्टिंग. मुंबई-पुण्याचे भाड्याचे कार्ट चालतील. गंभीरपणे करायचं तर कोल्हापूरच्या मोहिते रेसिंग अकॅडमीचा ट्रॅक आहे. भाड्याच्या कार्टवर लक्ष सर्वांत जलद फेरीकडे नको, सलग दहा फेऱ्यांमधल्या फरकाकडे हवं. तो तीन दशांश सेकंदांच्या आत आला की पुढची पायरी.

पुढची पायरी म्हणजे सर्किट. श्रीपेरुंबुदूरजवळचा मद्रास इंटरनॅशनल सर्किट ३.७ किलोमीटरचा, कोइम्बतूरचा कारी मोटर स्पीडवे २.१ किलोमीटरचा. रेसिंग स्कूलचे दोन-तीन दिवसांचे वर्ग या दोन्ही ठिकाणी चालतात. स्पर्धेचा परवाना एफएमएससीआय ही भारतातली मोटरस्पोर्ट संघटना देते. त्यासाठी वैद्यकीय प्रमाणपत्र लागतं, रक्तगटाची नोंद लागते. अर्ज शर्यतीच्या आठवड्यात भरायला घेणारे बरेच असतात आणि कागद अपुरा म्हणून घरी बसणारेही. महिनाभर आधी भरा. परदेशात एफआयए या मोटरस्पोर्टच्या जागतिक संघटनेच्या छत्राखालच्या शर्यतीत उतरायचं तर त्या देशासाठीची परवानगीही याच संघटनेकडून येते.

स्वतःची गाडी बांधायची घाई मात्र करू नका. चेन्नई किंवा कोइम्बतूर म्हटलं की गाडी ट्रेलरवर घालून हजार किलोमीटरच्या वर प्रवास, वर मेकॅनिक, टायर, सुटे भाग. सुरुवातीला एखाद्या टीमची गाडी भाड्याने घेऊन फक्त हेल्मेट-सूट घेऊन जाणं स्वस्त पडतं. खर्च मोजताना एकच हिशोब करा: सीटवर बसून मिळालेल्या प्रत्येक मिनिटाला किती रुपये पडले.

गाडी बांधायचीच असेल तर नाशिकसारखं गाव नाही. सातपूर-अंबडला पाइप वाकवणारे, सीएनसीवाले, चांगले वेल्डर हाकेच्या अंतरावर आहेत. फक्त रोल केजच्या, म्हणजे ड्रायव्हरभोवतीच्या नळ्यांच्या पिंजऱ्याच्या बाबतीत त्यांना "मजबूत बनवा" एवढंच सांगून भागत नाही, कागदावर लिहून द्यावं लागतं. एफआयएच्या नियमानुसार मुख्य कमान कोल्ड-ड्रॉन सीमलेस, म्हणजे बिनशिवणीच्या पाइपची, ४५ मिमी व्यास आणि २.५ मिमी जाडी, किंवा ५० मिमी आणि २ मिमी. वाकवताना मध्यरेषेची त्रिज्या पाइपच्या व्यासाच्या किमान तिप्पट, वळणात सुरकुती नको. पिंजऱ्याचा पाय गाडीच्या तळाला जिथे बसतो तिथे किमान ३ मिमी जाड आणि १२० चौरस सेंमी क्षेत्रफळाची पट्टी, प्रत्येक पायाला किमान तीन एम८ बोल्ट. फॅब्रिकेटरच्या गोडाऊनमध्ये पडलेला शिवणीचा पाइप दिसायला तसाच असतो आणि निम्म्या भावात मिळतो. गाडी उलटली की तो शिवणीवरच फाटतो. हेल्मेट लागेल अशा प्रत्येक नळीवर पॅडिंग हवं.

खोलीत बसून ओव्हल

ओव्हल नाही म्हणून हात बांधून बसायचं कारण नाही. नॅसकारच्या विल्यम बायरनने सुरुवात संगणकावरच्या आयरेसिंग या शर्यतीच्या खेळावर केली, खऱ्या गाडीत नंतर बसला, आणि २०२४ व २०२५ अशी सलग दोन वर्षं डेटोना ५०० जिंकला. नॅसकारचाच राजा करुथही तिथूनच आलेला. पैसे मर्यादित असतील तर महागड्या स्टिअरिंगपेक्षा लोड-सेल ब्रेक पेडलवर घाला. तो पाय किती सरकला ते न मोजता किती दाब दिला ते मोजतो, खऱ्या ब्रेकसारखा. स्टँड हलता कामा नये. प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलात तर ब्रेक मारताना खुर्चीच मागे जाईल.

सराव असा ठेवा: छोटा ओव्हल, स्ट्रीट स्टॉक ही साधी गाडी, टायर झिजू द्यायचे, सलग ५० फेऱ्या. पहिल्या पाच आणि शेवटच्या पाच फेऱ्यांची सरासरी वहीत लिहा. नवशिक्याची पहिली फेरी झकास असते आणि तिसावी रडकी. कारण तो वळणात फार आत जाऊन ब्रेक मारतो. गाडी वळत नाही म्हणून तो स्टिअरिंग आणखी फिरवतो आणि पुढचं उजवं टायर घासून तापवतो. उपाय उलटा आहे. पाय थोडा लवकर उचला, गाडीला वळणाच्या मध्यापर्यंत तरंगू द्या, स्टिअरिंग सरळ व्हायला लागलं की मग गॅस. आत जाताना गेल्यासारखं वाटणारे तीन मीटर बाहेर पडताना व्याजासकट परत मिळतात.

गाडीची भाषा

कारकीर्द अडते ती बहुतेक वेळा इथे. टीमला हवा असतो गाडीत काय होतंय ते नेमकं सांगणारा माणूस. "गाडी बरोबर वाटत नाही" याचा क्रू चीफला, म्हणजे गाडीची जुळवणी ठरवणाऱ्या टीमच्या प्रमुखाला, काही उपयोग नसतो. शब्द दोनच आहेत. पुढचे टायर घसरून गाडी सरळ जायला बघते तेव्हा ती टाइट, मागचा भाग बाहेर निसटतो तेव्हा लूज. पण वळणाच्या तीन भागांत वेगवेगळं सांगायचं: आत जाताना, मध्यात, बाहेर पडताना. रेडिओवर असं बोलणं हवं: "आत जाताना ठीक, मध्यात थोडी टाइट, बाहेर पडताना दहाव्या फेरीनंतर लूज." शेवटच्या तीन शब्दांत क्रू चीफला कळतं की मागचं उजवं टायर तापतंय.

तो त्यावर काय करतो हेही माहीत असावं. मुख्य हत्यार म्हणजे क्रॉस वेट, ज्याला वेजही म्हणतात. चारही चाकं वेगवेगळ्या वजनकाट्यांवर ठेवायची, ड्रायव्हर आत बसलेला, टाकीत शर्यतीएवढं इंधन. समजा पुढचं डावं ३७०, पुढचं उजवं २९०, मागचं डावं ३८४, मागचं उजवं २५६ किलो. एकूण १३००. पुढचं उजवं आणि मागचं डावं मिळून ६७४, म्हणजे ५१.८ टक्के. हा आकडा वाढवला की गाडी टाइटकडे झुकते, कमी केला की लूज. पिट स्टॉपमध्ये मागच्या काचेतून लांब पाना घालून फिरवतात तो स्प्रिंगवरचा स्क्रू हाच आकडा बदलतो.

दुसरं हत्यार स्टॅगर. लेट मॉडेलसारख्या (छोट्या ओव्हलवर पळणाऱ्या स्टॉक कार) गाड्यांत मागच्या उजव्या टायरचा घेर डाव्यापेक्षा एक-दोन इंच जास्त ठेवतात. चहाचा कागदी कप टेबलावर आडवा लोटून बघा, तो गोल फिरत जातो. तसंच इथे, गाडी स्वतःहून डावीकडे ओढते. स्टॅगर फार झाला तर सरळ पट्ट्यात गाडी सतत सावरावी लागते आणि वळणातून निघताना मागचा भाग सुटतो.

टायरचं तापमान गाडी आत येताच घ्यायचं, सुई रबरात घालून, तीन ठिकाणी: आतली कड, मध्य, बाहेरची कड. मध्य जास्त गरम असेल तर हवा जास्त, दोन्ही कडा गरम असतील तर कमी. ट्रॅकवरून सावकाश फेरी मारून आलात तर हे आकडे खोटे ठरतात. हवेचा दाब साधारण दर साडेपाच अंश सेल्सिअसला एक पीएसआयने वाढतो, म्हणून सकाळच्या थंडीत भरलेला दाब दुपारी तसाच राहील असं धरू नका.

अंगावर काय, अंगात काय

आयएसआय मार्कचं मोटरसायकलचं हेल्मेट इथे चालत नाही, त्याचं अस्तर आगीसाठी बनवलेलं नसतं. स्नेल एसए किंवा एफआयए ८८५९ चा शिक्का बघा. सूट एफआयए ८८५६ चा. आत पॉलिस्टरचा टीशर्ट घालू नका, उष्णतेने तो वितळून कातडीला चिकटतो. नोमेक्स हे आगरोधक कापड नसेल तर निदान शुद्ध सुती. हान्स, म्हणजे धडकेत डोकं-मान रोखणारी खांद्यावरची चौकट, टाळायचाच नाही. २००१ च्या डेटोना ५०० मध्ये डेल अर्नहार्टचा मृत्यू झाला आणि त्याच वर्षी नॅसकारने डोकं-मान रोखणारं उपकरण सक्तीचं केलं.

पट्टे बांधायचा क्रम ठरलेला आहे. आधी कंबरेचा, पोटावर नाही, खुब्याच्या हाडांवर, खाली आणि घट्ट. मग मांड्यांमधले. शेवटी खांद्याचे, हान्सच्या वरून. खांद्याचे पट्टे मागे जवळजवळ आडवे जायला हवेत, फार तर २० अंश खाली. ते जमिनीला बांधले तर धडकेत मणका दाबला जातो. हे काम मेकॅनिकवर सोडू नका, स्वतः वाकून बघा.

केबिनमध्ये ५० अंशांच्या वर तापमान जातं आणि एका शर्यतीत दोन-तीन किलो वजन घामाने उतरतं. नाशिकचा मे महिना यासाठी फुकटची शाळा आहे. दहा-बारा दिवस सकाळी नऊनंतर पांडवलेणीच्या पायऱ्या, हळूहळू वाढवत. आधी आणि नंतर वजन करा. एक किलो उतरलं म्हणजे साधारण एक लिटर गेलं. ते नुसत्या पाण्याने भरून काढू नका, ओआरएस घ्या. चक्कर किंवा मळमळ आली तर तिथेच थांबायचं.

पैसा आणि दारं

बहुतेक ड्रायव्हर स्वतः पैसा आणतात, हे आधीच मान्य केलेलं बरं. नाशिकमध्ये वाहनांचे सुटे भाग बनवणारे कारखाने आहेत, द्राक्ष निर्यातदार आहेत. त्यांना "स्वप्नाला साथ द्या" म्हणून भेटू नका. एका पानावर लिहा: गाडीवर नाव कुठे आणि किती मोठं, किती शर्यती, त्यांच्या डीलर मेळाव्याला गाडी आणि ड्रायव्हर किती वेळा, फोटो कोणाच्या हक्काचे. बिल रीतसर द्या. प्रत्येक शर्यतीनंतर आठ दिवसांत अहवाल पाठवा, निकाल वाईट असला तरी. वाइनरीचं नाव बोनेटवर लावायचा मोह होईल, पण दारूच्या जाहिरातींवर निर्बंध आहेत, आधी वकिलाला विचारा.

बाहेरचं पहिलं दार दोनपैकी एक. युरोपातली नॅसकार मालिका बहुतेक सर्किटवर चालते आणि एकाच गाडीवर दोन गटांचे दोन ड्रायव्हर असतात, त्यामुळे खर्च वाटला जातो. सर्किटवरून आलेल्या भारतीयाला ती सोयीची. अमेरिकेत जायचं तर लेजेंड्स कारपासून. छोटी गाडी, यामाहाचं मोटरसायकल इंजिन, ताबा ठेवायला अवघड, म्हणून शिकवते छान. तिथून लेट मॉडेल, मग एआरसीए ही नॅसकारची खालची मालिका, ट्रक, आणि सगळ्यात वर कप, जिथे किमान वय १८ आहे. बहुतेक टीम नॉर्थ कॅरोलायनात शर्लटच्या आसपास आहेत. पर्यटक व्हिसावर टीमकडून पगार घेता येत नाही, करार सही करण्याआधी हे निस्तरा.

लेट मॉडेलची पहिली चाचणी ठरली की सीट इन्सर्टसाठी, म्हणजे सीट आपल्या अंगाच्या मापाची करून घ्यायला, एक दिवस आधी पोचा. दुसऱ्याच्या मापाच्या सीटमध्ये दहा फेऱ्यांत बरगड्या दुखायला लागतात आणि मग सांगायला फक्त दुखणं उरतं. स्पॉटर, म्हणजे उंचावरून ट्रॅक बघून रेडिओवर सांगणारा माणूस, त्याच्याबरोबर शब्द ठरवून घ्या. डोक्याभोवतीच्या सीटमुळे बाजूचं दिसत नाही, "इनसाइड" म्हणजे आत गाडी आहे, "क्लिअर" म्हणेपर्यंत खाली यायचं नाही. पहिल्या वीस फेऱ्या टीमने दिलेल्या वेळेपेक्षा अर्धा सेकंद हळू काढा, आत या, टायरचे आकडे लिहून झाल्यावर त्या कागदाचा फोटो मागा.