जुन्या फ्लॉपीतल्या झिप आणि एआरसी फाइल कशा उघडायच्या

फोंडा, डिचोली, पेडणे कुठेही बघा, देवस्थानच्या कपाटात नाहीतर एखाद्या नाट्यमंडळाच्या पेटीत नव्वदच्या दशकातल्या फ्लॉप्या सापडतातच, आणि त्यात जत्रेच्या नाटकाची संहिता किंवा वर्गणीचा हिशोब असू शकतो, म्हणून प्लीज फेकू नका.

आधी फ्लॉपीचं शटर सरकवून आत बघा. आपल्याकडच्या पावसात बुरशी धरतेच, पांढरे डाग दिसले तर ड्राइव्हमध्ये घालूच नका, हेड खराब होतं आणि मग पुढच्या चांगल्या फ्लॉप्याही जातात. साफ असेल तर कोपऱ्यातलं भोक उघडं करा म्हणजे चुकून काही लिहिलं जाणार नाही, यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह लावा आणि आधी पूर्ण फ्लॉपीची इमेज, म्हणजे एका फाइलमध्ये जशीच्या तशी नक्कल, काढा, जे काही करायचं ते त्या इमेजवर.

आता फाइल. झिप, एआरसी, एआरजे, एलझेडएच हे फाइल दाबून लहान करून एकत्र बांधायचे वेगवेगळे प्रकार. एक्स्टेन्शनवर विसंबू नका, फाइल हेक्स एडिटरमध्ये (फाइलचे कच्चे बाइट दाखवणारा प्रोग्राम) उघडून पहिले दोन बाइट बघा. 'पीके' अक्षरं दिसली तर झिप, ६० ईए असेल तर एआरजे, आणि १ए ने सुरुवात झाली तर बहुतेक एआरसी. एआरसीत दुसरा बाइट पण बघाच, कारण खरी गोम तिथेच आहे. १९८५ मध्ये थॉम हेंडरसनच्या एसईए कंपनीने एआरसी काढलं, सोर्स कोडही दिला, मग फिल कॅट्झने त्याच फॉरमॅटचं पीकेएआरसी आणलं, ते इतकं फास्ट होतं की लोक तिकडे वळले. त्यात त्याने फाइल दाबायची 'स्क्वॉश' नावाची स्वतःची पद्धतही घातली, एक्स्टेन्शन मात्र तेच, म्हणून दुसरा बाइट ९ असेल तर ती फाइल एसईएच्या जुन्या एआरसीने उघडायची नाही. १९८८ मध्ये एसईएने केस केली, कॅट्झला समझोता करावा लागला, पण बीबीएसवाले (फोन लाइनवरून फाइल आणि निरोप देवाणघेवाण करणारे तेव्हाचे लोक) त्याच्याच बाजूने उभे राहिले, आणि १९८९ मध्ये त्याने झिप आणून त्याचं स्पेसिफिकेशन सगळ्यांना खुलं केलं. माझ्या मते झिप जिंकलं ते स्पीडपेक्षा या खुलेपणामुळे. हेंडरसनवर मात्र लोकांनी अन्याय केला, एसईए काही मोठी कंपनी नव्हती आणि मूळ काम त्याचंच होतं.

टूल कुठलं? झिप, एआरजे, एलझेडएच यांना सेव्हन-झिप पुरतं. एआरसी त्यात उघडत नाही, त्याला द अनआर्काइव्हर घ्या, स्क्वॉशवाल्या फाइलही निघतात. १९९३ च्या आधीची झिप असेल तर आत फाइल दाबायची आजची डिफ्लेट पद्धत नसून जुनी श्रिंक किंवा इम्प्लोड असते, साध्या टूलने एरर दिला म्हणून फाइल गेली असं समजू नका, सेव्हन-झिपने करून बघा.

आणि उघडल्यावर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसला तर घाबरू नका, त्या काळी युनिकोड कोण वापरत होतं, ते श्रीलिपी किंवा आयएसएम या जुन्या मराठी टायपिंग सॉफ्टवेअरच्या फॉन्टमधलं असणार, मूळ फाइल तशीच ठेवा आणि कॉपीवर कन्व्हर्टर चालवा.