डीबीटीचा ऑनलाइन क्लास लावताय?

डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी, म्हणजे डीबीटी, ही अनावर भावना सांभाळायला शिकवणारी, अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहान यांनी बसवलेली उपचारपद्धती. तिचा कौशल्यवर्ग हा नावाप्रमाणे वर्गच असतो. मन मोकळं करायला मिळेल म्हणून येणारे पहिल्याच आठवड्यात हिरमुसतात. अर्धा वेळ गृहपाठ तपासण्यात जातो, उरलेल्या वेळात नवं कौशल्य. आठवडाभराचं सगळं सांगण्याची जागा वैयक्तिक सत्रात.

मूळ आराखडा 24 आठवड्यांचा, आठवड्यातून एकदा, दोन ते अडीच तास. भाग चार: सजगता, तगमग सोसणं, भावनांचं नियमन आणि नातं न तोडता आपलं म्हणणं मांडणं. सहा-आठ आठवड्यांत 'पूर्ण डीबीटी' म्हणून कुणी सांगत असेल, तर यातलं काय गाळलंय ते फी भरण्याआधी विचारा. शिकवणारी व्यक्ती क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवत असेल, तर आरसीआयचा, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेचा, नोंदणी क्रमांकही मागा. त्यात संकोच कसला?

मुंबईत खरी अडचण जागेची. वन रूम किचनमध्ये इअरफोनने आपले कान झाकले जातात, तोंड नाही. लोकलमधून क्लासला बसू नका. शेजारच्या प्रवाशाला गटातल्या बाकीच्यांचे चेहरे दिसतात. गच्ची चालते, पण जूनपर्यंतच. त्यापेक्षा घरच्यांकडे ठरलेली वेळ मागा. एरवी काय होतं? 'तुम्हाला माझं काही पडलेलंच नाही' इथून सुरुवात होते आणि भांडण पेटतं. क्लासमध्ये शिकवतात तो क्रम असा: घडतं ते, वाटतं ते, हवं ते आणि समोरच्याला त्यातून काय मिळेल ते.

"आई, दर बुधवारी सात ते नऊ माझा क्लास असतो. मधे कुणी आत आलं की मला बोलताच येत नाही. तेवढे दोन तास आतली खोली मला दे. नऊनंतर भांडी मी घासते."

चार मुद्दे, टोमणा एकही नाही. आई नाही म्हणाली तर वाद न घालता तेच शांतपणे पुन्हा सांगायचं, किंवा दीड तासावर तडजोड करायची.

तगमग सोसण्याची कौशल्यं लोकांना सगळ्यात आवडतात आणि सगळ्यात जास्त चुकतातही तीच. उदाहरणार्थ गार पाणी. पसरट पातेल्यात पाणी घ्या, फ्रीजमधली बाटली त्यात ओता. बर्फासारखं गारठलेलं नको. श्वास रोखून, खाली वाकून, कपाळापासून गालांपर्यंतचा चेहरा साधारण 30 सेकंद पाण्यात. पाण्यात बुडी मारल्यावर शरीर हृदयाचे ठोके कमी करतं, तीच प्रतिक्रिया इथे मुद्दाम जागी करायची असते. म्हणूनच नुसता तोंडावर हबका मारून तेवढं काम होत नाही. हृदयविकार असेल, नाडी मुळात मंद असेल, बीटा-ब्लॉकर (हृदयाचे ठोके कमी करणारं औषध) चालू असेल किंवा खाण्यासंबंधीचा विकार असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करू नये.

गर्दीत पातेलं कुठून आणणार? तिथे श्वास. चार मोजत आत, सहा मोजत बाहेर, म्हणजे मिनिटाला सहा श्वास. स्लो लोकलच्या दोन स्टेशनांमध्ये साधारण तीन मिनिटं मिळतात. तेवढ्यात अठरा श्वास होतात. चक्कर आली किंवा बोटांना मुंग्या आल्या, तर तुम्ही छाती फुगवून जोरात श्वास घेताय आणि रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतोय. श्वास लहान करा, सोडण्याची लांबी तशीच ठेवा.

'करून पाहिलं, काही फरक पडला नाही' ही तक्रार ठरलेली. विचारलं की कळतं, पहिला प्रयोग थेट तगमग 100 पैकी 90 वर असताना झालेला. त्या अवस्थेत नवं काही सुचत नाही. हाताला वळण असेल तेच होतं. म्हणून 30-40 वर, बस चुकली किंवा दूध उतू गेलं अशा वेळी, रोज सराव हवा.

क्लासमध्ये रोजची तगमग आणि वापरलेली कौशल्यं टिपायला एक तक्ता देतात. तो रोज रात्री तिथल्या तिथे भरा. क्लासच्या अर्धा तास आधी सातही दिवस आठवून भरलेला तक्ता शिकवणाऱ्याला लगेच ओळखू येतो: सगळे आकडे सारखे. सराव झाला नसेल तर रकाना कोरा ठेवा आणि नेमकं कुठे अडलं ते सांगा. निम्मं शिकणं त्या चर्चेतच होतं. पूर्ण डीबीटीच्या मूळ नियमानुसार सलग चार आठवडे दांडी मारली की नाव कमी होतं.

शेवटचं, सुरक्षिततेचं. स्वतःला इजा करण्याचे तपशील गटात बोलायचे नसतात. ऐकणाऱ्याचा तोल जाऊ शकतो. प्रत्येक सत्राआधी आत्ता कुठे आहात ते शिकवणाऱ्याला कळवा, घरातल्या एकाचा नंबर देऊन ठेवा. पडद्यापलीकडून त्यांना दार ठोठावता येत नाही. जीव नकोसा झाला तर पुढच्या बुधवारची वाट पाहू नका. टेली मानस, 14416, चोवीस तास चालू असते आणि मराठीत बोलता येतं. जिवावरच बेतलं असेल तर 112 किंवा थेट जवळच्या हॉस्पिटलचा अपघात विभाग.