फिर्याद दिली आणि घरी बसलात? या चुका टाळा

अमळनेर, चोपडा, शिरपूरकडची माणसं वकिलाकडे येतात ती बहुतेक वेळा उशिरा. चोरी होऊन वर्ष उलटलेलं असतं आणि खिशातून निघतो शिक्का मारलेला, चुरगळलेला एक कागद. "आते काय करानं, साहेब?" कागद उलगडला की घोळ तिथेच सापडतो.

बहुतेकदा तो एफआयआर नसतोच, एनसी असते, म्हणजे अदखलपात्र नोंद. न्यायदंडाधिकाऱ्याचा आदेश असल्याशिवाय पोलीस तिचा तपास करू शकत नाहीत. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली, तेव्हापासून पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीची साधी चोरी अदखलपात्र धरतात. विहिरीवरची केबल कापून नेली आणि ठाण्यात किंमत विचारली, की आपला शेतकरी सहज म्हणतो, "असेल दोन-तीन हजाराची." तिथेच प्रकरण बसतं. केबल किती फूट होती ते मोजा, दुकानातून बिलाची नक्कल काढा, स्टार्टर गेला असेल तर तोही लिहा. किंमत फुगवू मात्र नका, पुढे उलटतपासणीत ती अंगावर येते.

भुसावळला उतरल्यावर बॅग गेल्याचं कळलं, चोरी नेमकी कुठे झाली ठाऊक नाही, आणि ठाण्यात "ही आमची हद्द नाही" ऐकून माणूस परत फिरतो. फिरू नका. दखलपात्र गुन्ह्याची माहिती कोणत्याही ठाण्यात देता येते. ते शून्य क्रमांकाने नोंदवून संबंधित ठाण्याकडे पाठवतात. एफआयआरची प्रत फुकट मिळते. नोंदवायलाच नकार दिला, तर तीच हकिकत पोलीस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टाने पाठवा आणि पावती सांभाळा. पुढे न्यायदंडाधिकाऱ्याकडे जाताना अर्ज आणि प्रतिज्ञापत्राला ती पावती जोडावी लागते.

आता भाषेचं. आपण अहिराणीत सांगतो, लिहून घेणारा हवालदार कदाचित कोकणातला किंवा कोल्हापूरकडचा असतो. आंडोर म्हणजे मुलगा, आंडेर म्हणजे मुलगी. एका मात्रेने अख्खी घटना बदलते. सातपुड्यात, धडगाव-अक्कलकुव्याकडे भिली किंवा पावरी बोलणाऱ्यांची अडचण तर याहून मोठी. सही किंवा अंगठा देण्याआधी फिर्याद वाचून दाखवायलाच हवी, तो कायदा आहे. घाई असली तरी "बठ्ठं बरोबर शे" म्हणून मोकळे होऊ नका. नाव, वेळ, हत्यार, नातं, एवढं तरी शब्दाशब्दाने ऐका. नंतर पोलीस जो जबाब घेतात त्यावर मात्र सही घ्यायची नसते, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं.

पुढे काय झालं हे नव्वद दिवसांच्या आत कळवणं तपास अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे, मोबाइलवरूनही चालतं. निरोप आला नाही तर लेखी विचारा. कोर्टाची नोटीस आली आणि त्यात 'बी समरी' किंवा 'सी समरी' दिसलं, तर ते पत्र देव्हाऱ्यामागे खोचू नका. पोलीस प्रकरण बंद करायला निघालेत, एवढाच त्याचा अर्थ. तारखेला जाऊन हरकत घ्या.

सरकारी वकील आहेत म्हणून आपलं काम नाही, हाही गैरसमजच. त्यांच्या मदतीला आपला वकील देता येतो. जामिनाच्या वेळीही पीडिताला म्हणणं मांडता येतं; सर्वोच्च न्यायालयाने लखीमपूर खिरी प्रकरणात २०२२ मध्ये हे स्पष्ट केलं. अॅट्रॉसिटी कायद्याच्या गुन्ह्यात तर कलम १५अ नुसार जामिनासह प्रत्येक सुनावणीची सूचना पीडिताला मिळायला हवी. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, किंवा १५१०० वर फोन करा. स्त्रिया, मुलं आणि अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना तिथे उत्पन्नाची अट नाही.

बलात्कार किंवा अॅसिड हल्ल्यात "आधी पोलिसांचं पत्र आणा" म्हणणारा दवाखाना चुकतो आहे. खासगी असो वा सरकारी, तातडीचे उपचार मोफत द्यायचे आणि पोलिसांना लगेच कळवायचं, ही जबाबदारी दवाखान्याची.

चोरीची मोटारसायकल सापडली, पण ती ठाण्याच्या आवारात बाभळीखाली गंजते आहे. निकालाची वाट कशाला बघता? मुद्देमाल परत मिळण्याचा अर्ज द्या, बंधपत्र लिहून दिल्यावर कोर्ट ती वापरायला देऊ शकतं.

भरपाईचंही तसंच. आरोपी सापडलाच नाही म्हणून लोक हात झटकतात. पण अशा वेळीही पीडित किंवा त्याच्यावर अवलंबून असलेली माणसं विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करू शकतात, आणि त्यांनी दोन महिन्यांत चौकशी पुरी करायची असते.

आणि आरोपी सुटला तर? अपील फक्त सरकारच करू शकतं, असं अजूनही पारावर सांगतात. पीडितालाही तो हक्क आहे, शिक्षा कमी गंभीर कलमाखाली झाली किंवा भरपाई तुटपुंजी दिली तरी. सत्र न्यायालयाच्या निकालावर जळगाव, धुळे, नंदुरबारवाल्यांना छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठात जावं लागतं. मुदत चालू झालेली असते, म्हणून निकाल लागला त्याच दिवशी कोर्टातून उठण्याआधी नकलेचा अर्ज देऊन या.